पंचवटीतल्या सायकलवाल्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

मोबाईलवर असलं काही वाचायला तुम्हाला सवड नसते. तुमची नात वाचून दाखवेल, या भरवशावर लिहितेय.

माझे गुडघे दुखायचे थांबले, हे आधी सांगते. बायकांचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून सायकल विकणाऱ्याने सीट अगदी खाली करून दिली होती. साधा चढ आला तरी मांड्या भरून यायच्या, आणि सगळे म्हणायचे, वय झालं. तुम्ही मात्र मला भिंतीच्या आधाराने सीटवर बसवलंत, पॅडल पार खाली आणलंत आणि त्यावर टाच ठेवायला सांगितलीत. "टाच ठेवून पाय सरळ झाला पाहिजे ताई. मग चवड्याने मारताना गुडघा जरासाच वाकतो." पाना फिरवून सीट चांगली चार बोटं वर केलीत. पैसे विचारले तर म्हणालात, पाना फिरवायचे कसले पैसे?

पंक्चर काढायलाही तुम्हीच शिकवलंत. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबायची, बुडबुडे येतील तिथे खूण करायची, कोरडी करून घासायची. सोल्यूशन लावलं की लगेच पॅच चिकटवायचा नाही, आधी वाळू द्यायचं. टायरच्या आतून हळूच बोट फिरवायला लावलंत तेव्हा बाभळीचा काटा हाताला लागला. तो राहिला असता तर नवी ट्यूबही गेली असती. स्वतःचं गिऱ्हाईक कमी करणारी ही विद्या कोण एवढ्या आपुलकीने देतं?

आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी, सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली, याचा मला फार अभिमान आहे. पण बँकेत, दळणाला, गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात सायकलने जाणाऱ्या माझ्यासारखीच्या पाठीशी तुम्ही आहात. मेथीची जुडी कॅरिअरला लावून परतताना कुठेही पाय टेकून ओळखीच्या माणसाशी बोलता येतं, हे सुख मला गाडीवर कधी मिळालं नाही.

सुट्टीच्या दिवशी आता त्र्यंबक रोडलाही जाते. गाडीत तो रस्ता सपाटच वाटायचा. नाशिकहून तो हळूहळू चढत जातो, हे पिंडऱ्यांनी सांगितलं. पावसाळ्यात डाव्या हाताला अंजनेरी ढगात बुडालेली असते, ओल्या मातीचा वास येतो, आणि परतताना पॅडल न मारता सायकल पळत सुटते. त्या उतारावर मी मोठ्याने गाणं म्हणते, काका. घरी कुणाला हे माहीत नाही.

मागच्या चाकाला आऊट आलाय, फिरताना ते डुलतंय आणि ब्रेकला घासतंय. शनिवारी संध्याकाळी घेऊन येते. या वेळी पैसे मात्र घ्यायचेच.

तुमची,
निळ्या सायकलवाली ताई