होम वॉरंटीत एसी ‘कव्हर’ आहे म्हणजे नेमकं काय आहे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत घर घेणाऱ्या आपल्या मुलांना ‘होम वॉरंटी आहे ना, मग एसीची काळजी सोडा’ असं सर्रास सांगितलं जातं. सांगणारा कधी एजंट असतो, कधी दोन वर्षं आधी घर घेतलेला मित्र. माझ्या लेकीलाही हेच सांगितलं होतं. २०२५ च्या जुलैत टेक्सासमध्ये प्लेनोला तिच्या घरी मी होते तेव्हा एसी बंद पडला आणि पुढचे बारा दिवस काय झालं ते मी पाहिलं. मी ३४ वर्षं विमा कार्यालयाच्या क्लेम विभागात काढली आहेत, त्यामुळे कराराचा कागदही मीच काढून वाचायला बसले. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुलं तिकडे आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी त्या नावाबद्दल. वॉरंटी म्हटलं की आपल्याला वाटतं, वस्तू बनवणाऱ्याने दिलेली हमी. होम वॉरंटी तशी नाही. तो एका तिसऱ्याच कंपनीशी केलेला वर्षाचा सेवा करार असतो. वर्षाला काहीशे डॉलर भरायचे, माणूस दारात आला की दर खेपेला ठरलेली फी वेगळी द्यायची, आणि रोजच्या वापराने झिजून जे बिघडेल ते कंपनीने कराराच्या चौकटीत दुरुस्त करायचं. हा घराचा विमाही नव्हे. गारपिटीने बाहेरच्या युनिटची पाती वाकली किंवा वीज पडून बोर्ड जळाला, तर ते विम्याकडे जातं. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास गोठलं तेव्हा घरोघरी पाइप फुटले, ते नुकसानही विम्याचंच. उत्पादकाची हमी आणखी निराळी. बहुतेक एसी कंपन्या बसवल्यापासून ६० किंवा ९० दिवसांत नोंदणी केली तर सुट्या भागांना १० वर्षं देतात, नाही केली तर बहुधा ५. त्यातही मजुरी सहसा धरलेली नसते, आणि घर विकलं की नव्या मालकाला ती हमी पूर्ण मिळेलच असं नाही.

लेकीचं घर २०११ चं, एसीही तेव्हाचाच, चार टनांचा. मार्चमध्ये खरेदी झाली तेव्हा पहिल्या वर्षाची होम वॉरंटी विकणाऱ्याने भरून दिली. तिकडे ही रीतच आहे. त्यामुळे झालं असं, की करार कोणी निवडला नाही आणि कोणी वाचलाही नाही. आयता आला आणि ईमेलमध्ये पडून राहिला.

जुलैत एका शुक्रवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या थर्मोस्टॅटवर ८८ दिसायला लागलं. फॅरेनहाइटमधले ८८ म्हणजे आपले ३१. आपल्याकडे एवढ्याला कोणी गरमी म्हणणार नाही, मलाही आधी तसंच वाटलं. पण ती घरं लाकडाच्या सांगाड्याची, चारी बाजूंनी बंद. आरपार वारा खेळेल अशा खिडक्या नाहीत. रात्री नऊलाही भिंतीला हात लावला तर कोमट लागत होती. एसी हा त्या घराचा श्वास आहे, आणि घरात सात महिन्यांचा नातू होता. जावयांनी रात्रीच तक्रार नोंदवली. माणूस आला सोमवारी. मधल्या दोन दिवसांत खिडकीत नळी लावायचा एक फिरता एसी विकत आणून आम्ही सगळे एका खोलीत झोपलो.

त्या कारागिराबद्दल माझी काही तक्रार नाही. माळ्यावर भट्टीसारखी धग असताना तो तासभर वर होता. मीही शिडीच्या वरच्या पायरीपर्यंत गेले. थंडीत घर गरम करणाऱ्या भट्टीच्या, म्हणजे फर्नेसच्या, पेटीला लागून एव्हापोरेटर कॉइल असतं, हवा गार करणारं, तांब्याच्या नळ्यांचं आणि अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचं. त्याने सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं. एका वळणावर बारीक बुडबुडे येत राहिले, थांबेनात. एसीतला गार करणारा गॅस तिथून गळत होता. त्याने तीनचार फोटो काढले आणि म्हणाला, मी कंपनीला कळवतो, निर्णय त्यांचा.

हा भाग विम्यातल्या माणसाला लगेच टोचतो. आमच्याकडे मोठ्या क्लेमला परवानाधारक सर्व्हेअर जायचा, त्याचा अहवाल फाइलला लागायचा आणि तो आमच्या पगारावर नसायचा. इथे कंपनीच्याच यादीतला कारागीर पाहणी करतो, तो फोनवर जे सांगेल त्यावर फोनपलीकडचं माणूस कलम लावतं, आणि घरमालकाच्या हाती एक ओळ येते. आम्हाला आलेली ओळ होती : देखभालीचा अभाव आणि आधीपासूनचा दोष, म्हणून नामंजूर.

लेक रडकुंडीला आली. मी तिला म्हटलं, कारागिराचा अहवाल लेखी माग, आणि कुठल्या कलमाखाली नाकारलं त्याचा क्रमांक माग. दोन्ही ईमेलवर. फोनवर बोललेलं कुठेच उरत नाही.

आणि मग मी घरखरेदीची फाइल मागितली. टेक्सासमध्ये घर घेण्याआधी इन्स्पेक्टर पाहणी करतो आणि ठरावीक सरकारी नमुन्यात अहवाल देतो. त्या अहवालात एसीच्या पानावर दोन आकडे होते : खोलीतून यंत्रात परत जाणारी हवा ७४ फॅरेनहाइट, यंत्रातून बाहेर येणारी ५६. शेजारी थर्मामीटरचे फोटो, फोटोंवर तारीख. अठरा अंशांचा फरक म्हणजे त्या दिवशी यंत्र व्यवस्थित थंड करत होतं. पंधरा ते वीसच्या आसपास फरक असला की तिकडचे कारागीर ठीक मानतात. शिवाय कॉइलबद्दल दोषाची एक अक्षरही नोंद नव्हती. हा कागद कोणाच्या डोक्यातच आला नव्हता, कारण घर घेऊन झालं की तो अहवाल संपला असं सगळे समजतात. ‘आधीपासूनचा दोष’ या आक्षेपाला त्याच्याइतकं चांगलं उत्तर नाही.

देखभालीच्या आक्षेपावर मात्र आमची बाजू कच्ची होती. फिल्टर बदलले होते, पण पावत्या ठेवल्या नव्हत्या. सुदैवाने ते ऑनलाइन मागवले होते, ऑर्डरच्या तारखा सापडल्या. त्या जोडून आठ ओळींचा अर्ज केला. चार दिवसांनी कंपनीने कॉइल मंजूर केलं.

मला वाटलं, संपलं. खरा धडा तिथून पुढे होता. करारात ‘एसी कव्हर’ म्हणजे मोडलेला भाग कव्हर. घर पुन्हा थंड होईपर्यंत जे जे लागतं ते सगळं नव्हे. गॅस हवेत सोडायला अमेरिकेत कायद्याने बंदी आहे, प्रमाणपत्र असलेल्या माणसानेच तो काढून साठवावा लागतो. तो काढण्याचा खर्च करारात वगळलेला. नवा गॅस भरायचा, तर पौंडामागे कंपनी फक्त १० डॉलर देणार, वरचे आपले. नवं कॉइल जुन्यापेक्षा थोडं उंच, म्हणून वरची पत्र्याची पेटी कापून जुळवायची. ते ‘फेरफार’ या शब्दाखाली बाहेर. कॉइलखालचा पाणी झेलणारा गंजलेला ट्रेही कराराबाहेर. मंजूर झालेल्या दुरुस्तीवर लेकीने खिशातून १,३८० डॉलर भरले, फी वेगळी. कंपनीने दुसरा पर्यायही दिला होता : ९०० डॉलर रोख घ्या आणि तुमचं तुम्ही करा. हा आकडा बाजारभावाने काढत नाहीत, कंपनीला जो घाऊक भाव पडतो त्यावर काढतात. करारात तसं लिहिलेलंच असतं.

यात आता गॅसच्या बदलाची भर पडली आहे. जुन्या घरांतल्या एसींमधला आर-२२ हा गॅस अमेरिकेत बनवणं आणि आयात करणं १ जानेवारी २०२० पासून बंद झालं. त्यानंतरचा आर-४१०ए वापरणारी नवी घरगुती यंत्रं बनवणंही २०२५ च्या सुरुवातीपासून थांबलं, कारण नव्या नियमात गॅसची पृथ्वीचं तापमान वाढवण्याची क्षमता (कार्बन डायऑक्साइडची १ धरून) ७०० च्या खाली हवी आणि आर-४१०ए ची आहे २,०८८. आता येणारी यंत्रं आर-४५४बी किंवा आर-३२ वर चालतात. नव्या गॅसचं बाहेरचं युनिट जुन्या गॅसच्या कॉइलला जोडता येत नाही. म्हणजे उद्या लेकीचं बाहेरचं युनिट गेलं आणि जुन्या जातीचं मिळालं नाही, तर आतलं कॉइलही बदलावं लागेल. तेव्हा न बिघडलेल्या भागाचे पैसे कोण देणार? काही करारांत ‘जुळणीसाठी लागणारा बदल’ धरलेला असतो, काहींत स्पष्ट वगळलेला. एसीवर वर्षाला एकूण किती देणार याची कमाल मर्यादाही असते. लेकीच्या करारात ती २,००० डॉलर आहे. नवी पूर्ण यंत्रणा याच्या कितीतरी पट महाग पडते. करार घेताना पाहायच्या या दोन ओळी आहेत, आणि विकताना कोणी त्या दाखवत नाही.

थंडीचं थोडक्यात सांगते. फर्नेसमध्ये हीट एक्स्चेंजरला, म्हणजे ज्वाळेची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या भागाला, तडा गेला तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. त्यामुळे असा तडा दिसला की कारागीर फर्नेस बंद करून जातो, आणि ऐन थंडीत घर तसंच राहतं. त्या एका भागावर उत्पादकाची हमी बहुधा २० वर्षं किंवा त्याहून जास्त असते. म्हणून आधी फर्नेसवरचा सिरीयल नंबर घेऊन उत्पादकाला विचारावं, होम वॉरंटीची खेप त्यानंतर.

कोरं घर घेतलं असेल तर पहिली दोन वर्षं एसी आणि हीटिंग बहुधा बिल्डरच्याच हमीत असतं. तिथे वर होम वॉरंटीचे पैसे कशाला घालायचे, हे मला तरी कळलं नाही. आणि घर घेतल्यावर टपालाने जी पत्रं येतात, ‘आपली होम वॉरंटी संपत आहे, अखेरची सूचना’ अशी सरकारी थाटाची, ती सरकारची नसतात. मालकी हक्काच्या नोंदी तिकडे सार्वजनिक असतात, त्यावरून पत्ते काढून कोणीही पाठवतं. लेकीला मार्चपासून पाच आली. एकावर तर कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव ठळक छापलेलं होतं, आणि जावई पैसे भरायला बसलेच होते.

सगळ्या होम वॉरंटी कुचकामी आहेत असं मी म्हणत नाही. पंख्याची मोटर, कपॅसिटर, कॉन्टॅक्टर अशा किरकोळ बिघाडांना जुन्या घरात तिचा उपयोग होतो, आणि हाती शिल्लक नसलेल्या नव्या जोडप्याला रात्री फोन करायला एक नंबर असतो, हेही कमी नाही. माझा राग त्या ‘कव्हर’ शब्दावर आहे. विम्यात असताना अपवादाचं कलम मी ग्राहकाला सहीआधी मोठ्याने वाचून दाखवायची, साहेब चिडले तरी. तिकडच्या मुलांना ते कोणी वाचून दाखवत नाही, आणि दोघंही नोकरी करणारी, लहान मूल असलेली ही मुलं वीस पानं कधी वाचणार? आईवडिलांनी व्हिडिओ कॉलवर एवढं जरी विचारलं, की एसीची मर्यादा किती आणि इन्स्पेक्शनचा अहवाल कुठे ठेवलाय, तरी पुरे.

नवं कॉइल बसलं त्या दिवशी मी कारागिराला दोन्ही आकडे मोजायला लावले. ७५ आणि ५७. फर्नेसच्या दारावर चिकटपट्टी लावून तारखेसह लिहून ठेवले आहेत, त्याखाली फिल्टर बदलल्याच्या तारखा. कराराची मुदत मार्चमध्ये संपते. नूतनीकरणाचं पत्र आलं आहे, पण एसीची मर्यादा तीच आहे. बाहेरचं युनिट गेलं तर जुळणीसाठी आतलं कॉइल तुम्ही बदलून देणार का, एवढं एकच लेकीने कंपनीला ईमेलवर विचारलं आहे. आज तीन आठवडे झाले. दोनदा फोन आला, ‘हो, सगळं कव्हर आहे’ म्हणाले. तेच लिहून पाठवा म्हटलं, तर अजून आलेलं नाही.

आपली,
एक नियमित वाचक
(निवृत्त विमा कर्मचारी)