पाडव्याआधीच्या शनिवारी म्हैसमाळला ब्लेझार निरीक्षण

सदस्यहो, पाडव्याच्या आदल्या शनिवारी रात्री ९ ते १२ म्हैसमाळच्या पठारावर मार्केरियन ४२१ चे प्रकाशमापन (तेज मोजणे) आहे. सप्तर्षीतला हा ब्लेझार, म्हणजे केंद्रात महाकाय कृष्णविवर असलेली तेजस्वी दीर्घिका, सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षे दूर. त्याच्या कृष्णविवराकडून निघणारा वेगवान कणांचा झोत जवळपास आपल्याच दिशेने आहे, म्हणून तेज कधी तासाभरातही बदलते.

गॅमा किरणे लडाखच्या हानले येथील मेस दुर्बिणीसारखी उपकरणे टिपतात, क्ष-किरणे ॲस्ट्रोसॅट उपग्रह, रेडिओ लहरी नारायणगावजवळची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण. दृश्य प्रकाशाची नोंद मात्र आपल्या आठ इंची दुर्बिणीनेही होते. या सगळ्या नोंदींची वेळ जुळली तरच कोणत्या तरंगलांबीत तेजाचा भडका आधी आला ते कळते. म्हणून वेळेबाबत कृपया अजिबात ढिलाई नको.

- मोबाइलचे घड्याळ स्वयंचलित ठेवा. प्रत्येक फोटोची वेळ जागतिक वेळेत (यूटीसी) लिहा.
- शेजारी ५१ सप्तर्षी हा सहाव्या प्रतीचा, ब्लेझारपेक्षा खूप तेजस्वी तारा आहे. त्याची चकाकी मोजमापात येऊ देऊ नका. मागच्या वेळी माझ्याच नोंदी यामुळे बाद झाल्या.
- हिरवा व्ही फिल्टर, लाल टॉर्च, स्वेटर, पाणी.

जीप संध्याकाळी ६ वाजता खुलताबादहून निघेल. येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत सचिवांना नाव कळवावे. ढग आले तर रविवारी, तीच वेळ.