रेडक्लिफहून पत्र : डॉल्फिन्सचा पहिला हंगाम

रेडक्लिफ (ऑस्ट्रेलिया), १० सप्टेंबर २०२३

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, तुझा राग दादाकडून पोहोचला. सुट्टीच्या दिवशी फोन करावा तर ही पोरगी मैदानात, नाहीतर टीव्हीसमोर, असं म्हणालीस म्हणे. आठवडाभरापूर्वी आमच्या संघाचा हंगाम संपलाय, तेव्हा आता निवांत लिहिते. बाबा, दादाने तुमचंही सांगितलं. तालमीने बारक्या पोरांचा फुटबॉलचा संघ तुमच्या हातात द्यायचं ठरवलं आणि तुम्ही "आता माझं वय झालं" म्हणून हात जोडलेत. फोनवर काही बोलायला गेलं की तुम्ही "जेवलीस का" विचारून विषय बदलता. म्हणून सगळं कागदावर.

आधी खेळ काय ते सांगते. रग्बी लीग. एका बाजूला तेरा गडी. चेंडू हातात घेऊन पळायचं, पास द्यायचा तो फक्त मागे. समोरच्यांनी कबड्डीतल्या पकडीसारखं धरून पाडायचं. सहा वेळा पाडलं की चेंडू दुसऱ्यांचा. पलीकडच्या रेषेपार चेंडू टेकवला, म्हणजे 'ट्राय' केला, की चार गुण, वर किक खांबांमधून गेली की आणखी दोन. बाबा, हा खेळ वेगळा कसा झाला ते तुम्हाला पटेल. १८९५ साली इंग्लंडच्या उत्तरेत गिरण्या-खाणीतले कामगार रग्बी खेळायचे. सामन्याच्या दिवशी कामावर खाडा पडायचा, पगार कापला जायचा. बुडालेली मजुरी भरून द्या एवढंच त्यांच्या क्लबांचं मागणं होतं. वरच्या लोकांनी नाही म्हटलं, आणि हडर्सफील्डच्या एका हॉटेलात बसून या क्लबांनी वेगळी चूल मांडली. आपल्या कोल्हापुरात, उद्यमनगरात सामन्यासाठी अर्धा खाडा टाकून शाहू स्टेडियम गाठणाऱ्या माणसाला याहून जास्त काय सांगायचं?

आता आमचा संघ. त्याचं नाव नुसतं 'डॉल्फिन्स'. पुढे गावाचं नाव नाही. रेडक्लिफ ही ब्रिस्बेनच्या उत्तरेला समुद्रात शिरलेली जमिनीची जीभ, आणि क्लब मूळ इथलाच, १९४७ सालचा. पण देशातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, एनआरएलमध्ये, सतरावा संघ म्हणून जागा मिळाली तेव्हा रेडक्लिफ हे नाव पुढे लावलं नाही. उत्तरेकडची सगळी उपनगरं, पार सनशाइन कोस्टपर्यंतचे लोक आपले म्हणावेत, हा हिशोब. मला तो आजही पटत नाही. शिवाजी पेठेने पेठेचं नाव काढून खेळावं असं कुणी सुचवून तरी बघावं!

मी ज्या वृद्धाश्रमात काम करते तिथे नव्वदीच्या घरातले एक आजोबा आहेत. त्यांनाही ते पटलेलं नाही. १९६० साली रेडक्लिफ ब्रिस्बेनच्या वरच्या गटात आलं आणि १९६५ साली अजिंक्य ठरलं, ते दोन्ही त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्या ६५च्या संघात आर्थर बीट्सन होता. पुढे तो ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाचा कर्णधार झाला. कुठल्याही खेळात देशाचं नेतृत्व करणारा तो पहिला आदिवासी खेळाडू. आजोबा त्याचं नाव घेतात तेव्हा आवाज जरा खाली आणतात, तुम्ही तुमच्या वस्तादांचं घेता तसा.

नवा संघ म्हटलं तरी तो आभाळातून पडलेला नाही, हे मला यांच्यामुळे कळलं. मैदान क्लबचं स्वतःचं, शेजारचं दुकानांचं संकुल क्लबचं, जेवणाखाणाचा मोठा क्लब चालतो तो वेगळाच. त्यातला बराच पैसा जुगाराच्या यंत्रांमधून येतो, तेही तुम्हाला माहीत असावं. तिथे पेन्शन घालवणारी म्हातारी माणसं मी बघते आणि मला ते बरं वाटत नाही. पण पदरी पैसा नसला की काय होतं, तेही या शहराने बघितलंय. १९९५ साली साउथ क्वीन्सलँड क्रशर्स नावाचा संघ ब्रिस्बेनमध्येच असाच वाजतगाजत उतरला होता. तीन हंगामांत कर्जापायी बंद पडला. म्हणून यंदा लोक टाळ्या वाजवायला आले तेही जरा बिचकतच.

त्यात मोठं नाव एकही नाही. कॅमेरॉन मन्स्टर येईना, कॅलिन पोंगा येईना. परवानगी मिळाली १३ ऑक्टोबर २०२१ला आणि पहिला सामना मार्च २०२३मध्ये, तेवढ्यात सगळा संघ शून्यातून जमवायचा. आले ते मेलबर्नचे तिशी ओलांडलेले तीन धट्टेकट्टे गडी : फेलीस कौफुसी आणि जेसी व केनी हे ब्रॉमविच भाऊ. जेसी कर्णधार. बाकी इकडून तिकडून, कुठे ना कुठे बाकावर बसून कंटाळलेले. जेमेन इसाकोला आधीच्या क्लबात धड जागा नव्हती. हमिसो तबुआई-फिडो टाउन्सव्हिलहून आला, त्याला इथे सगळे 'हॅमर' म्हणतात. आणि आयझाया काटोआ, वय वर्षं १९. पेपरवाल्यांनी हंगामाआधीच लिहून टाकलं होतं की हे शेवटचे येणार.

आणि या सगळ्यांचे प्रशिक्षक वेन बेनेट, वय ७३. बाबा, इथे जरा थांबून वाचा.

हा माणूस आधी पोलिसात होता. १९८८ साली ब्रिस्बेन ब्रॉन्कोज हा संघ नवा निघाला तेव्हा त्याचा पहिला प्रशिक्षक हाच. त्या संघाने पहिल्याच सामन्यात मागच्या वर्षीच्या विजेत्या मॅनलीला ४४–१० असं धुतलं होतं. पुढे याच्या हाताखाली ब्रॉन्कोजना सहा विजेतेपदं, सेंट जॉर्ज या दुसऱ्या संघाला एक. घरी बसून पुस्तकं वाचत राहिला असता तरी कुणी काही म्हणालं नसतं. पस्तीस वर्षांनी त्याच शहरात पुन्हा एकदा कोऱ्या वहीपासून सुरुवात करायला तो उभा राहिला. बोलतो अगदी कमी. पत्रकारांनी चार वाक्यांचा प्रश्न विचारावा आणि याने चार शब्दांत उत्तर द्यावं. पण त्या पोरांकडे बघितलं की कळतं, त्यांच्याशी तो बोलतो.

५ मार्चला ब्रिस्बेनच्या लँग पार्क मैदानावर पहिला सामना, समोर सिडनी रूस्टर्स, ज्यांना लोक यंदाचे दावेदार म्हणत होते. बत्तीस हजारांवर माणूस. मी आश्रमातल्या दोघी मैत्रिणींबरोबर गेले होते, एक नेपाळची, एक फिजीची. आम्ही तिघीही या देशात नव्या. ब्रॉन्कोजच्या सामन्याला गेलं की आजूबाजूच्यांना तीस वर्षांचा इतिहास पाठ असतो आणि आपण पाहुणे असतो. इथे सगळ्यांची पहिलीच वेळ होती. घोषणा कधी द्यायची, डोक्यावर हात धरून माशाचा पर करायचा तो कधी, हे चाळीस वर्षं इथे राहणाऱ्यालाही माहीत नव्हतं. आम्ही सगळे एकदमच शिकलो. २८–१८ने जिंकलो. आई, तू विचारतेस ना, त्या गर्दीत एवढं काय आहे म्हणून, ते हे आहे. या देशात आल्यापासून मला पहिल्यांदाच कुणी "तू कुठली" असं विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी कॅनबेरा, आणि तो सामना इथे, रेडक्लिफच्या स्वतःच्या मैदानावर. आश्रमातून चार जणांना न्यायची परवानगी मिळाली. आजोबांना मी सकाळीच तयार केलं. त्यांनी कपाटातून जुनी लाल जर्सी काढायला लावली. कॉलर विरलेली, कोपराला रफू. खांदा वर जात नाही, म्हणून आधी दुखरा हात बाहीत घालायचा, मग डोकं, मग दुसरा हात, असं हळूहळू चढवली. व्हीलचेअर लावायची जागा अगदी कुंपणालगत मिळाली. सामना सुरू झाल्यावर त्यांनी एक शब्द काढला नाही. फक्त उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांडीवर एकेक करून उघडत होती. एक, दोन, तीन. पाडलं की एक बोट. पाचवं उघडलं की मान किक मारणाऱ्याकडे वळायची, चेंडू तिथे पोहोचायच्या आधी. मी खेळ शिकले तो त्या बोटांवरून. २०–१४ने जिंकलो तेव्हा त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि चहा मागितला.

तिसऱ्या आठवड्यात न्यूकॅसलला त्यांच्या घरी जाऊन ३६–२० हरवलं. तीनपैकी तीन! मग ब्रॉन्कोजशी गाठ, शहरातली पहिली लढत. ५१,०४७ लोक आले होते. १२–१८ हरलो. मैदानातून बाहेर पडताना दोन्हीकडचे लोक एकत्रच पुलावरून चालत होते, आणि मला शाहू स्टेडियमबाहेरचा बंदोबस्त आठवला. तिथल्यासारखा नाद खुळा इथे नाही हे मान्य, पण घरी जाताना डोकी फुटत नाहीत हेही बघा. तालमीच्या पोरांना हे शिकवायला तुमच्यासारखं माणूस हवं.

एका सामन्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. २३ एप्रिल, गोल्ड कोस्ट टायटन्सविरुद्ध. अर्ध्या तासाच्या आत ०–२६. आश्रमाच्या हॉलमध्ये टीव्ही लावला होता, अर्धे लोक उठून खोलीत गेले. आजोबा बसून राहिले म्हणून मीही थांबले. मग एक ट्राय, मग दुसरा. कुणी घाई करताना दिसेना. सहा वेळा नीट धरायचं, सहा वेळा नीट पळायचं, बस्स. शेवटी २८–२६. एवढ्या पिछाडीवरून जिंकल्याचं या स्पर्धेच्या इतिहासात त्याआधी एकच उदाहरण होतं, १९९८ सालचं. पहिल्या वर्षीच्या संघाने त्याची बरोबरी केली.

नंतर उतार लागला. मेच्या अखेरीस क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांमधली मोठी लढत असते, तिच्यात हॅमरने दोन ट्राय केले आणि आम्ही सगळे नाचलो, पण त्याच सामन्यात आमच्या टॉम गिल्बर्टचा खांदा निखळला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. नव्या संघाकडे राखीव म्हणजे अगदी कोवळी पोरं. थंडी पडली तसे गडी गळत गेले, हातातले सामने सुटत गेले. शेवटी चोवीसपैकी नऊ जिंकले, पंधरा हरले, सतरा संघांत तेरावे. परवा ब्रॉन्कोजनी बाद फेरीत मेलबर्नला २६–० हरवलं, सगळं शहर त्यांच्या मागे आहे. आम्ही तेरावेच.

तरी शेवटचा सामना आम्ही जिंकला, तोही बाद फेरीत पोहोचलेल्या न्यूझीलंडच्या वॉरियर्सविरुद्ध. आणि ज्याला आधी कुठे जागा नव्हती त्या इसाकोने यंदा सगळ्या स्पर्धेत सगळ्यात जास्त ट्राय केले, गुणही सगळ्यात जास्त त्याचेच. मला विजयांच्या यादीपेक्षा हे मोठं वाटतं. त्याच्यात काय आहे ते एका म्हाताऱ्या माणसाला दिसलं आणि त्याने त्याला दर आठवड्याला खेळवलं.

बाबा, आता तुमचं. तालमीला तुमच्याकडून पळायचं काम नकोय. बेनेटही पळत नाही, सरावात रेषेबाहेर हाताची घडी घालून उभा असतो. बारा-तेरा वर्षांची पोरं, त्यातली निम्मी तरी दुसऱ्या पेठांतून आलेली असं दादा सांगत होता. त्यातलं कुठलं पोर बाकावर सडतंय आणि त्याला कुठे उभं केलं तर ते फुलेल, हे तुमच्याइतकं कुणाला कळतं? मी लहान असताना तुम्ही गॅलरीत बसून खालच्या बोळातला खेळ बघत होतात आणि कुणाचं पोर डाव्या पायाने बरं मारतं ते अचूक सांगत होतात. गुडघ्यासाठी खुर्ची घ्या, पोरं ठेवतील आणून. सकाळी सहाला जमत नसेल तर संध्याकाळचा सराव ठेवा. दिवाळीनंतर सुरू करायचाय, म्हणजे हातात दोन महिने आहेत.

आई, तू म्हणशील, बीपीची गोळी, जेवणाच्या वेळा, कोण बघणार. डबा दादा पोचवेल, त्याच्याशी मी बोलले आहे. आणि खरं सांगू का, निवृत्तीनंतर बाबा दिवसभर पेपर तीनदा वाचतात, ते तुलाच जास्त जड जातं.

गणपती पुढच्या आठवड्यात. इथे ब्रिस्बेनच्या मराठी मंडळींचा गणपती असतो, पहिल्या दिवशी माझी ड्यूटी आहे म्हणून दुसऱ्या दिवशी जाईन. मोदकांच्या पिठाला उकड किती वेळ द्यायची ते एकदा व्हॉइस मेसेजवर सांगून ठेव, मागच्या वेळी तू भराभर बोललीस.

मार्चमध्ये तुम्ही इकडे यावं म्हणून दोघांच्या व्हिसाचे कागद करतेच आहे. पुढच्या हंगामाचं वेळापत्रक लागलं की रेडक्लिफच्या मैदानावरचा सामना कोणत्या तारखेला ते बघून तिकिटं काढीन. इथल्या मैदानात लोक कमी मावतात, म्हणून बहुतेक घरचे सामने लँग पार्कवर नेतात. आजोबांची ही मोठी तक्रार आहे, त्यांच्याकडून ती ऐकायची तयारी ठेवा. तुम्ही फुटबॉलबद्दल सांगा, ते याबद्दल सांगतील, मध्ये भाषांतराला मी आहेच.

तालमीत काय ठरलं ते दादाकडून नको, तुम्ही स्वतः फोन करून सांगा. माझी या आठवड्यात सकाळपाळी आहे, तुमच्या अकरानंतर मी घरीच असते.

तुमची,
ताई