‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ फोनवर खेळावा का? मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

खिशाला न जाचणारा आणि जाहिरातींनी जीव नकोसा न करणारा एखादा सर्व्हायव्हल ॲक्शन खेळ सुचव, असे तू लिहिले आहेस. माझे उत्तर ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ असे आहे, परंतु या खेळाविषयी माझ्या काही तक्रारीही असल्याने जरा सविस्तर लिहितो.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या लुका गॅलान्ते या इटालियन प्रोग्रामरने तो बनवला. डिसेंबर २०२१ मध्ये तो संगणकावर अपूर्णावस्थेत विक्रीला आला, ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ण झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये मोबाइलवर मोफत मिळू लागला. पुढे २०२३ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट खेळाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. चित्रे मात्र जुन्या व्हिडिओ गेमसारखी ठोकळेबाज आहेत, तेव्हा देखणेपणाची अपेक्षा ठेवू नकोस.

चहूबाजूंनी येणाऱ्या शत्रूंच्या झुंडींत तग धरून राहायचे, एवढाच हा खेळ; त्यात खेळाडूच्या हाती केवळ चालणे ठेवलेले आहे. शस्त्रे ठरावीक अंतराने आपोआप चालतात. आपण फक्त कुठे सरकायचे, कोणत्या फटीतून निसटायचे आणि कोणत्या गर्दीत मुद्दाम शिरायचे हे ठरवायचे. काचेवर काढलेल्या पाच-सहा बटणांवर बोटे नाचवायला लावणारे ॲक्शन खेळ फोनवर मला नेहमीच परके वाटतात; हा एका अंगठ्याने खेळता येतो, आणि फोनसाठी खेळ निवडताना मी याच गुणाला सर्वांत जास्त महत्त्व देईन.

खरी गोडी निवडीत आहे. मेलेल्या शत्रूंनी मागे टाकलेली रत्ने वेचली की पातळी वाढते, खेळ थांबतो आणि समोर तीन-चार पर्याय येतात. शस्त्रे सहा आणि त्यांना पूरक वस्तू सहा, एवढीच जागा असल्यामुळे प्रत्येक ‘हो’ म्हणजे दुसऱ्या कशाला तरी कायमचा नकार असतो. त्यातच जोड्यांचा हिशेब आहे. उदाहरणार्थ, ‘गार्लिक’ हे शस्त्र आपल्याभोवती एक वलय निर्माण करते आणि त्यात शिरणाऱ्या शत्रूंना इजा करते. ते आठव्या पातळीवर पोहोचलेले असेल, ‘पुम्मारोला’ ही वस्तू जवळ असेल आणि त्यानंतर खजिन्याची योग्य पेटी सापडली, तर त्याचे ‘सोल ईटर’ होते. नवख्याला हे लसणाचे वलय फार सोयीचे वाटते, पण सुरुवातीचे दुबळे शत्रू संपल्यावर केवळ त्याच्या भरवशावर उभे राहणारा मरतो. ‘किंग बायबल’ आणि ‘स्पेलबाइंडर’ ही जोडी मला अधिक विश्वासाची वाटते, कारण तिच्यातून घडणाऱ्या शस्त्राची पुस्तके आपल्याभोवती न थांबता फिरत राहतात.

बहुतेक ठिकाणी एका डावाची मर्यादा तीस मिनिटांची असते. ती संपताच साक्षात मृत्यू येतो आणि बहुधा आपल्याला उचलतो. तरीही डाव जिंकलेला धरला जातो आणि मिळवलेले सोने आपलेच राहते. या सोन्यातून कायमची बळे विकत घेता येतात, आणि निवड चुकली असे वाटल्यास ती परत करून सगळे सोने मागता येते. स्वस्त खेळांत असा दिलदारपणा मी क्वचितच पाहिला आहे.

जाहिरातींचे म्हणशील तर, मेल्यावर पुन्हा जिवंत होण्यासाठी किंवा डावाअखेर जास्त सोने मिळवण्यासाठी त्या पाहता येतात. पाहायच्या की नाही हे आपण ठरवायचे. अतिरिक्त पात्रे आणि नकाशे असलेले जोडभाग विकत मिळतात, पण मूळ खेळच इतका मोठा आहे की त्यांची घाई करण्याचे कारण नाही. येथे एक गंमत सांगतो. गॅलान्तेने पूर्वी जुगाराच्या खेळांच्या व्यवसायात काम केले आहे, आणि पेटी उघडताना होणारा दिव्यांचा व संगीताचा जल्लोष पाहिला की ते लगेच पटते. फरक एवढाच की ही पेटी पैशाने उघडत नाही. ती शत्रूला मारून मिळवावी लागते. तरीही ‘आणखी एक डाव’ ही ओढ त्याच कारागिरीतून येते, आणि तुझा स्वभाव ओळखून हे आधीच बजावून ठेवतो.

आता तक्रारी. जोड्या जमल्या की शेवटची काही मिनिटे खेळाडूला फारसे काम उरत नाही. पडदा आकड्यांनी आणि झगमगाटाने इतका भरतो की लहान फोनवर आपले पात्रच सापडत नाही. त्यात आपला अंगठा आणखी थोडा भाग झाकतो. जुना फोन अशा वेळी तापतो आणि खेळ अडखळू लागतो. सेटिंगमध्ये जाऊन लखलखाट आणि इजेचे आकडे बंद केलेस तर डोळ्यांना बराच आराम मिळेल. गोष्ट किंवा पात्रांचे स्वभाव शोधायला गेलास तर मात्र हाती फार काही लागणार नाही.

याच्या धर्तीवरचे पुष्कळ खेळ निघाले आहेत, त्यामुळे उतरवून घेताना प्रकाशकाचे नाव ‘पोंकल’ आहे ना, एवढे पाहून घे. पहिले काही डाव ‘मॅड फॉरेस्ट’ या पहिल्या नकाशातच खेळ आणि सुरुवातीचे सोने साठवून न ठेवता खर्च कर, ते परत मागता येते हे आता तुला ठाऊक आहेच.

तुझा,
माधव