साडेनऊ सेकंदांची जमीन

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, नव्या मोजणीत काकांकडचा बांध आपल्यात सात-आठ फूट आलेला निघाला आणि तुम्ही दावा लावायचं म्हणताय, हे फोनवर ऐकलं तेव्हा मी गप्प राहिले. आईचं बीपी वाढलेलं असताना वाद नको होता. पण मनातलं लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुमची उभी नोकरी मोजणी खात्यात गेली, म्हणून एका मोजणीचीच हकीकत सांगते.

आम्ही राहतो ते दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि शेजारचं व्हिक्टोरिया यांच्या हद्दीची ही गोष्ट. 1836 च्या सनदेत लंडनमध्ये बसून लिहिलं गेलं की पूर्वेची हद्द 141 अंश पूर्व रेखांश. (त्याच सनदेत इथल्या मूळ रहिवाशांचा त्यांच्या जमिनीवरचा हक्क अबाधित राहील असंही लिहिलं होतं. रेखांश पाळायला माणसं धावली, ते दुसरं वाक्य कुणी पाळलं नाही. मला त्याचा फार राग येतो.)

आता 141 अंश जमिनीवर नेमका कुठे? 1839 मध्ये चार्ल्स टायर्स हा सर्व्हेअर ग्लेनेल्ग नदीच्या मुखाशी ते शोधायला गेला. अक्षांश सूर्य-ताऱ्यांच्या उंचीवरून काढता येतो, रेखांशाला मात्र वेळ अचूक लागते. चार मिनिटांना एक अंश. म्हणजे त्या भागात घड्याळ एक सेकंद चुकलं की जमिनीवर पावणेचारशे मीटरच्या आसपास फरक पडणार. तारायंत्र नव्हतं, हेलकाव्यांतून आणलेली क्रोनोमीटर (जहाजावरची अचूक घड्याळं) आणि चंद्राची निरीक्षणं अशा साधनांवर सगळं. त्यातून निघालेल्या जागेवरून 1847 मध्ये हेन्री वेडने समुद्रकाठापासून सरळ उत्तरेला आखणी सुरू केली. झाडांच्या खोडांवर कुऱ्हाडीच्या खुणा करत तो सुमारे 200 किलोमीटर गेला. पुढे मॅली झुडपांचं वाळवंट लागलं आणि काम थांबलं.

ते पुरं केलं एडवर्ड व्हाइटने, वेडच्या हाताखालच्या माणसाने. त्याच्याबद्दल वाचताना मला सारखे तुम्ही आठवत होता. तुम्ही सांगायचात ना, वैशाखात माळावर साखळी ओढताना कडी हाताला चटका द्यायची, पण ताण सैल सोडायचा नाही. व्हाइटच्या वाटेत तर मैलोन्‌मैल पाण्याचा थेंब नव्हता. माणसाच्या उंचीपेक्षा वाढलेली मॅली तोडल्याशिवाय पुढची खूणही दिसायची नाही. एकदा माघार घ्यावी लागली, तो पुन्हा गेला. तहानेने घोडे मेले. 1850 च्या डिसेंबरात तो कसाबसा जिवंत मरे नदीवर पोचला, पण ओळ पुरी करून.

पुढे तारायंत्र आलं. 1868 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या तारखात्याचे चार्ल्स टॉड आणि सिडनीचे सरकारी खगोलशास्त्रज्ञ स्मॉली यांनी तारेवरून वेळ जुळवून मरेकाठी पुन्हा रेखांश काढला. खरा 141 अंश व्हाइटच्या ओळीच्या पूर्वेला 2 मैल 19 साखळ्या निघाला. (त्यांची साखळी 66 फुटांची, म्हणजे तुमच्या सोळा आण्यांच्या 33 फुटी साखळीच्या बरोबर दुप्पट.) किलोमीटरमध्ये 3.6 होतात. मी हिशोब केला, मरेकाठी तो फरक वेळेत साडेनऊ सेकंदांच्या आसपास येतो! तेवढ्याने दक्षिण ऑस्ट्रेलियाची तेराशे चौरस किलोमीटरहून जास्त जमीन पलीकडे गेली होती, आणि व्हिक्टोरिया ती सोडायला तयार नव्हतं.

भांडण चाळीस-पंचेचाळीस वर्षं चाललं. 1911 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात आणि 1914 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात (तेव्हाचं सगळ्यात वरचं अपील तिथे चालायचं), दोन्हीकडे दक्षिण ऑस्ट्रेलिया हरलं. ओळ चुकीच्या जागी आहे हे सगळ्यांना मान्य होतं. पण त्या काळच्या साधनांनी, प्रामाणिकपणे आखून दोन्हीकडच्या सरकारांनी स्वीकारलेली ओळ हीच हद्द, असा निकाल लागला. मरेच्या उत्तरेला न्यू साउथ वेल्सची हद्द नव्या मापाने आखली गेली, म्हणून आजही नकाशात नदीपाशी सरळ रेघ तुटते आणि थोडी सरकून पुढे जाते. ॲडलेडहून आलेल्या माणसाने तिथे हद्द ओलांडली की घड्याळही अर्धा तास पुढे करायचं.

मला तो निकाल न्याय्य वाटतो, बाबा. आपला बांध आजोबांनी आणि धाकट्या आजोबांनी दोघांनी उभं राहून घातला, हे तुम्हीच सांगितलंय. त्या बांधावरची बोरं आम्ही आणि काकांची मुलं मिळून खायचो. आता मशीन सात फूट दाखवतंय म्हणून तो उकरायचा? तारखांना तालुक्याला खेटे घालायला तुमचे गुडघे साथ देतील का? आणि काकू रोज संध्याकाळी आईजवळ येऊन बसते, ती यायची थांबेल, हे मला सगळ्यात सलतंय.

दावा लावू नका. काकांना घरी बोलवा, जुनं टिपण आणि नवा नकाशा दोन्ही त्यांच्यापुढे ठेवा आणि बांध आहे तसा कायम, असं दोघांच्या सह्यांनी लिहून ठेवा. मजकूर तुम्हीच करा, तुमच्याइतका नेमका दुसऱ्या कुणाला जमणार नाही. सही करण्याआधी मला फोटो पाठवा.

आई, रक्ताचा रिपोर्ट आला की लगेच कळव. मीठ कमी कर, लोणचं तर बंदच.

तुमची,
ताई