बर्फातील जुनी गाडी : फोर व्हील ड्राइव्हआधी टायर आणि तळ पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी शिक्षणाच्या खर्चासंबंधी आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या लेखात गाडीविषयी एकच वाक्य होते. कॅनडा, जर्मनी किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत जाणाऱ्या विद्यार्थ्याने, तेथे बर्फ पडत असल्यामुळे, फोर व्हील ड्राइव्हचीच गाडी घ्यावी, असे त्यात म्हटले होते. लेखातील फी, राहण्याचा खर्च आणि बँकेच्या कर्जाविषयीचा भाग उपयुक्त आहे, परंतु हे एक वाक्य अनेक पालकांना नको त्या खर्चात पाडील, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी अनेक वर्षे ऑटोमोबाइल हा विषय शिकवला असून आता निवृत्त आहे. माझे काही विद्यार्थी आणि नात्यातील मुले त्या थंड प्रदेशांत स्थायिक झाली आहेत. जुनी गाडी घेण्याची वेळ आली की मुलगा तिकडून फोटो पाठवतो आणि निर्णय मात्र जुळे सोलापुरातील दिवाणखान्यात, येथल्या निकषांवर होतो. रंग चकचकीत आहे का, रनिंग किती, अ‍ॅव्हरेज किती, मालक पहिला की दुसरा, एवढे विचारून आपण मोकळे होतो. बर्फाच्या गावी हे प्रश्न पुरेसे नाहीत.

मुद्दा पैशांपासून सुरू होतो. नोकरीला नुकत्याच लागलेल्या मुलाजवळ गाडीसाठी सात-आठ हजार कॅनेडियन डॉलर असतील, तर त्या पैशात मिळणारी फोर व्हील ड्राइव्हची एसयूव्ही बहुधा बरीच जुनी, खूप पळालेली आणि पेट्रोल पिणारी असते. तेवढ्याच पैशात चांगल्या अवस्थेतील लहान हॅचबॅक आणि तिच्यासाठी विंटर टायरचा पूर्ण संच, दोन्ही येऊ शकतात. हा दुसरा पर्याय केवळ स्वस्त नव्हे, तर बहुतेक शहरी वापरासाठी अधिक सुरक्षितही आहे. फोर व्हील ड्राइव्ह इंजिनाची ताकद चारही चाकांना देते, त्यामुळे गाडी बर्फातून सहज निघते आणि चढावर अडकत नाही. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतातच. थांबताना आणि वळताना रस्त्याला धरून ठेवण्याचे काम टायरचे रबर करते, त्यात इंजिनाची ताकद किती चाकांना जाते याचा संबंध जवळजवळ उरत नाही. उलट, सहज निघणारी गाडी चालकाला फसवी खात्री देते. तो वेगात जातो आणि थांबण्याची वेळ आली की गाडी सरळ पुढच्या चौकात घसरत जाते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो, त्यामुळे टायर म्हटले की आपल्याला उष्णतेने फुटणारा टायर आठवतो. थंडीत नेमकी उलट अडचण होते. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचे रबर कडक होत जाते आणि शून्याखाली ते पाटीसारखे घट्ट होऊन रस्त्याला धरतच नाही. विंटर टायरचे मिश्रण थंडीतही मऊ राहील असे बनवलेले असते आणि त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा असतात. या चिरांच्या कडा बर्फात रुततात. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकणाची खूण असेल, तरच तो ठरलेल्या चाचणीत उतरलेला टायर समजावा. 'ऑल सीझन' या नावावर आणि 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) या अक्षरांवर विसंबू नये, कारण ती अक्षरे अशी चाचणी न देताही छापलेली असतात.

ही केवळ तज्ज्ञांची आवड नव्हे, तेथील कायदाही असेच सांगतो. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात तेथे नोंदलेल्या मोटारींना विंटर टायर सक्तीचे आहेत, मग गाडी टू व्हील ड्राइव्ह असो वा फोर व्हील. जर्मनीत तारीख ठरलेली नाही, पण रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेला थर असताना योग्य टायर नसतील तर किमान ६० युरो दंड आणि परवान्यावर दंडाचा एक गुण चढतो. कॅनडाच्याच ऑन्टारिओ प्रांतात सक्ती नाही, परंतु विंटर टायर बसवणाऱ्यास विम्याच्या हप्त्यात सूट देणे २०१६ पासून विमा कंपन्यांवर बंधनकारक केलेले आहे. ही सूट मागितल्याशिवाय मिळेलच असे नाही, म्हणून मागावी.

टायर घेताना आणखी एक गोष्ट पाहावी, आणि ती सोलापुरातही तितकीच लागू आहे. टायरच्या बाजूवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. ३५१९ म्हणजे २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. जुन्या गाडीबरोबर 'विंटर टायर फुकट' अशी जाहिरात असते तेव्हा ते अनेकदा सात-आठ वर्षांचे, कडक झालेले असतात. नक्षी शिल्लक दिसली तरी त्यांचा उपयोग संपलेला असतो. आपल्याकडे टायर गोटा होईपर्यंत वापरण्याची सवय आहे, तीही तेथे चालत नाही. नक्षीच्या खोलीची कायद्याची किमान मर्यादा अनेक देशांत १.६ मिलिमीटर असली तरी बर्फात ४ मिलिमीटरच्या खाली टायर वापरू नये, असा जर्मनीतील मोटार संघटनांचा सल्ला आहे आणि ऑस्ट्रियात तर विंटर टायरसाठी ४ मिलिमीटरची अटच आहे.

लहान गाडीचा एक फायदा येथेच दिसतो. स्पोर्ट्स मॉडेलची रुंद, अठरा इंची चाके देखणी असतात, पण ताज्या बर्फावर रुंद टायर तरंगतो आणि अरुंद टायर खाली रुतून पकड घेतो. म्हणून शक्य असेल तेथे गाडीला मान्य असलेली लहान, पंधरा किंवा सोळा इंची साधी लोखंडी रिम घ्यावी आणि विंटर टायर तिच्यावर कायमचे चढवून ठेवावेत. दर हंगामाला टायर रिमवरून काढण्या-घालण्याची मजुरी वाचते, टायरची कड फाटत नाही आणि अलॉय व्हील मिठापासून बचावते. लहान गाडीसाठी असा रिमसह संच साधारण हजार डॉलरच्या आसपास पडतो. हे पैसे गाडीच्या किमतीतून आधीच बाजूला काढावेत. गाडी घेऊन झाल्यावर 'पुढच्या वर्षी पाहू' असे म्हणणारा मुलगा ते पुढच्या वर्षीही घेत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता गंजाविषयी, कारण सोलापूरच्या कोरड्या हवेत वाढलेल्या माणसाला याची कल्पनाच येत नाही. येथे वीस वर्षांच्या गाडीचाही तळ बहुधा शाबूत असतो. खराब होतो तो डॅशबोर्ड, रबरी नळ्या आणि एसी. तिकडे रस्त्यावर गोठलेला थर वितळावा म्हणून मीठ टाकतात, आणि ते खारे पाणी गाडीच्या तळाशी, पत्र्याच्या घड्यांत, दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत साचते. बाहेर शून्याखाली तापमान असताना ही क्रिया मंद असते, पण गाडी रोज ऊबदार गॅरेजमध्ये ठेवली तर तोच खारा चिखल वितळून पत्रा अधिक वेगाने खातो. सांभाळून ठेवलेली गाडी म्हणून आपण जिचे कौतुक करू, तिचा तळ असा असू शकतो. म्हणून वरचा रंग पाहण्यात वेळ घालवू नये. गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय व्यवहार करू नये. इंजिन ज्या चौकटीवर टांगलेले असते ती सबफ्रेम, शॉकअप बसतात ती ठिकाणे, ब्रेक ऑइलच्या लोखंडी नळ्या आणि मागच्या चाकांवरच्या कमानी मेकॅनिकला दाखवून घ्याव्यात. वरवर तांबूस पडणे वेगळे आणि स्क्रू-ड्रायव्हर टेकवल्यावर पत्रा आत जाणे वेगळे. दुसऱ्या प्रकारची गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. तळाला नुकताच काळा जाड रंग मारलेला दिसला तर संशय घ्यावा. आपल्याकडे लांबी भरून डेंट लपवतात, तसा तो प्रकार असू शकतो. ब्रेकची नळी गंजून फुटली तर पॅडल सरळ खाली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे लिफ्टवरील तपासणीचे शंभर-दीडशे डॉलर जड वाटणार नाहीत.

येथवर वाचून तरुण वाचक म्हणेल की काकांनी सगळी मजा काढून घेतली. तसे नाही. गाडी चालवताना कंटाळा येऊ नये, ही माझ्या पुतणीची अट होती आणि मला ती पूर्ण मान्य आहे. हलकी गाडी, नेमके स्टीअरिंग आणि मॅन्युअल गिअर यांत जी मजा आहे ती दोन टनी एसयूव्हीत नाही. आपली मुले मॅन्युअलवरच शिकलेली असतात. उत्तर अमेरिकेत मॅन्युअल चालवणारे थोडे असल्याने अशा जुन्या गाड्यांना गिऱ्हाईक कमी असते, आणि घासाघीस करण्यास वाव मिळतो. होंडा फिट ही आपल्याकडे जॅझ नावाने विकली गेलेली गाडी तेथे २०२० पर्यंत मिळत होती. आत सामान भरपूर मावते आणि चालवायला चपळ आहे. माझ्या मते कमी बजेटमधील ती सर्वांत शहाणी निवड आहे. माझदा ३ चालवण्यात अधिक रसाळ, परंतु २००४ ते २००९ या पहिल्या पिढीच्या गाड्या मागच्या कमानींपाशी गंजण्याबद्दल कुप्रसिद्ध आहेत, त्या टाळून २०१४ नंतरची पाहावी. फोर्ड फिएस्टा युरोपात मॅन्युअलमध्ये उत्तम आहे. उत्तर अमेरिकेत मात्र २०११ ते २०१६ च्या ऑटोमॅटिक फिएस्टाच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सवरून न्यायालयात मोठे दावे झाले, तिच्यापासून दूर राहावे. जर्मनीत असलेल्यांनी फोक्सवॅगन पोलोचा विचार करावा. आपल्या हाताला ती ओळखीची आहे.

फोर व्हील ड्राइव्ह कधीच घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. ज्याचे घर डोंगराळ भागात आहे, ज्याच्या गल्लीत बर्फ काढणारे वाहन उशिरा येते किंवा ज्याला पहाटेच्या पाळीला जावे लागते, त्याला ती हवीच. अशांसाठी सुबारू इम्प्रेझा ही चालवण्यात मजा असलेली आणि आवाक्यातील गाडी आहे. फक्त तिच्या जुन्या अडीच लिटर इंजिनांचे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांमधील सील, गळण्याची तक्रार सर्वपरिचित असल्याने २०१२ पासूनचे दोन लिटरचे नवे इंजिन पाहावे. शिवाय चारही टायरची झीज सारखी ठेवावी लागते. एक टायर दुरुस्तीपलीकडे फाटला तर एकट्यालाच नवा टाकून भागत नाही, अनेकदा चारही बदलावे लागतात. स्टेपनी टाकून महिनोन् महिने फिरण्याची आपली रीत तिथे गिअर यंत्रणा खराब करील.

सालाविषयी एक सोपा नियम देतो. घसरत्या गाडीचे एकेक चाक स्वतंत्रपणे आवरून तिला सरळ ठेवणारी ईएससी यंत्रणा अमेरिकेत आणि कॅनडात २०१२ च्या मॉडेलपासून सर्व मोटारींना सक्तीची आहे. त्यापूर्वीच्या गाडीत ती असेल किंवा नसेल, म्हणून २०१२ ही खालची मर्यादा धरावी. बॅटरीची थंडीतील ताकद उणे १८ अंशांवर मोजलेली असते, तो आकडा बॅटरीवर छापलेला असतो, आणि चार-पाच वर्षांची बॅटरी असेल तर हिवाळ्याआधीच बदलावी. कुलंट म्हणून नुसते पाणी ओतण्याची सवय विमानतळावरच सोडावी. ते गोठून फुगले की इंजिनाचा ब्लॉक तडकतो. कॅनडातील विनिपेग, सास्काटून, एडमंटन अशा गावी जाणाऱ्यांनी इंजिनाला ब्लॉक हीटर, म्हणजे उभ्या गाडीचे इंजिन विजेवर ऊबदार ठेवणारे उपकरण, आहे का, हे विचारावे. तेथे रात्रभर गाडीची वायर विजेच्या सॉकेटला जोडून ठेवतात, आणि समोरच्या जाळीतून बाहेर आलेला प्लग दिसला तर ती गाडी चोरीची किंवा बिघडलेली नाही, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

एक धोका मात्र आवर्जून सांगतो, कारण येथून जाणाऱ्या मुलांना तो कोणी सांगत नाही. बर्फात अडकलेली गाडी ऊब मिळावी म्हणून चालू ठेवून आत बसल्यास आणि सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजलेले असल्यास कार्बन मोनॉक्साइड आत साचतो. त्याला वास नसतो. इंजिन सुरू करण्याआधी उतरून मागची नळी मोकळी करावी, म्हणून डिकीत फावडे आणि पांघरूण असावे.

शेवटी कागदपत्रे. ऑन्टारिओत खाजगी विक्रेत्याने खरेदीदारास त्या वाहनाच्या माहितीचे सरकारी पॅकेज देणे कायद्याने आवश्यक आहे. त्यात पूर्वीचे मालक आणि गाडीवरील कर्जाचा बोजा दिसतो. जर्मनीत दर दोन वर्षांनी होणाऱ्या तांत्रिक तपासणीची मुदत किती उरली आहे, ते पाहावे. नव्या चालकाचा विमा मात्र अनेकदा गाडीच्या हप्त्याहून महाग पडतो, आणि येथील गाडी चालवण्याचा अनुभव सिद्ध करता आला तर ऑन्टारिओत परवान्याचे टप्पे लवकर पार होतात. त्यासाठी मूळ परवाना देणाऱ्या कार्यालयाचे पत्र लागते. एमएच-१३ चा परवाना असलेल्या मुलाने परवाना पहिल्यांदा कधी मिळाला याचा अधिकृत उतारा सोलापूर आरटीओमधून निघण्यापूर्वीच घ्यावा आणि त्यावरील नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षर न् अक्षर जुळते का, हे पाहावे, कारण वडिलांचे नाव मध्ये आले किंवा गळले एवढ्यावरून तेथील खिडकीवर अर्ज परत येतो आणि मग दुरुस्तीसाठी येथे वडिलांना हेलपाटे घालावे लागतात.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अध्यापक, होटगी रोड, सोलापूर