मित्रास पत्र : ओसरीवरच्या एका वाक्याविषयी

म्हापसा, गोवा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. मुलीचे लग्न कॅथलिक मुलाशी ठरले याचे तुला वाईट वाटलेले नाही, हे तुझ्या पत्रावरून कळले. बोलणी करायला आलेल्या एका गृहस्थांनी तुझ्याच ओसरीवर बसून, ‘इगर्जीत (म्हणजे चर्चमध्ये) लागत नाही ते लग्नच नव्हे,’ असे म्हटले, ते मात्र तुला आणि वहिनींना झोंबले. ती चर्चची शिकवण नव्हे, त्या गृहस्थांचे अज्ञान होते, आणि त्यांच्याच धर्माचा म्हणून त्याचा खुलासा करणे मला भाग आहे.

विवाह ख्रिस्ताने सुरू केला असे चर्च म्हणत नाही. तो मनुष्याच्या आरंभापासूनचा आहे असे म्हणते. ज्यांच्या लग्नाला काही अडथळा नाही अशा स्त्री-पुरुषांनी, कोणाच्या दडपणाखाली न येता, जन्मभर एकमेकांशी एकनिष्ठ राहण्याची आणि अपत्यांचे स्वागत करण्याची संमती दिली की विवाह होतो, मग ती होमासमोर दिलेली असो वा काझीसमोर. यालाच नैसर्गिक विवाह म्हणतात. तुम्ही दोघे सप्तपदी चाललात, ते लग्न चर्च खरेच मानते, आणि शंका निघाली तरी चर्चच्या कायद्याच्या 1983 च्या धर्मसंहितेप्रमाणे कौल विवाहाच्याच बाजूने असतो. उद्या तुम्ही दोघांनी बाप्तिस्मा घेतला (घाबरू नकोस, उदाहरण देतो आहे), तरी पुन्हा लग्न लावावे लागणार नाही. तेच जुने लग्न आपोआप सांक्रामेंत, म्हणजे चर्चचा पवित्र संस्कार, होईल.

खरी गंमत पुढे आहे. दोन कॅथलिकांनी नुसत्या रजिस्ट्रारच्या कचेरीत सह्या केल्या, तर चर्च ते लग्न धरत नाही. पूर्वी गुपचूप लग्न करून मागाहून ते नाकारणारे बरेच असत, म्हणून 1563 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने पाद्री आणि साक्षीदार यांच्यासमोर संमती देण्याची अट घातली. आजही ती कॅथलिकांनाच बांधते, तुम्हांला नाही. तेव्हा त्या गृहस्थांचे वाक्य त्यांच्या घरापुरते खरे होते. ते त्यांनी तुझ्या घरात आणले.

आता सांक्रामेंत. दोघेही बाप्तिस्मा झालेले असले की त्यांचा वैध विवाह हाच सांक्रामेंत असतो, वरून काही जोडावे लागत नाही. आपण भटजी लग्न लावतात म्हणतो. पाश्चात्य चर्चच्या लॅटिन परंपरेत मात्र वधूवरच तो संस्कार एकमेकांना देतात, आणि पाद्री चर्चच्या वतीने त्यांची संमती विचारून घेतो. तुझी मुलगी बाप्तिस्मा झालेली नाही, म्हणून बिशपांची सूट घेऊन लग्न लागेल, ते पूर्ण वैध असेल, पण सांक्रामेंत नसेल, कारण तो एका बाजूने होत नाही. निष्ठेचे बंधन दोघांवर सारखेच. फरक आहे तो बंधाच्या घट्टपणात : बाप्तिस्मा झालेल्या दोघांचा, शरीरसंबंधाने पूर्ण झालेला विवाह पोपही मोडू शकत नाहीत, तर नैसर्गिक विवाह श्रद्धेच्या कारणासाठी क्वचित सोडवता येतो. त्याचे मूळ करिंथकरांना लिहिलेल्या संत पौलाच्या पहिल्या पत्रात आहे. 1585 साली तेराव्या ग्रेगरी पोपांना ही मुभा वाढवावी लागली, कारण गुलाम म्हणून दूरदेशी नेलेल्या माणसांचे जोडीदार मागेच राहिले होते. त्या व्यापारात आपल्या पोर्तुगिजांचाही हात होता, हे इथे नोंदवल्यावाचून राहवत नाही.

मला विचारशील तर ‘सांक्रामेंत नाही’ या शब्दांवर रागावण्यात वेळ घालवू नकोस. सूट मागताना मुलाला वचन द्यावे लागेल की होणाऱ्या मुलांचा बाप्तिस्मा व्हावा आणि त्यांना कॅथलिक वळण लागावे म्हणून तो हातात असेल ते सारे करील. 1917 च्या संहितेत हे वचन दोघांकडून घेत. आता तुझ्या मुलीला त्याची फक्त कल्पना देतात. कल्पना दिली म्हणजे तिला ते पटले असे होत नाही, आणि पुष्कळ घरांत हा विषय बारशाच्या वेळी निघतो. म्हणून रजिस्ट्रारकडच्या पहिल्या सहीआधी दोघांना समोर बसवून एवढेच विचार. मी रविवारी येतो. त्या गृहस्थांनाही बोलाव, ओसरी तीच ठेवू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
शाळासोबती